निश्चय, संदेह आणि वाणीचा विवेक

साधकजनहो, वाणीचे दोष म्हटले की असत्य, निंदा आणि कठोर भाषण एवढेच आपल्या ध्यानी येतात. परंतु जे आपणांस निश्चित ठाऊक नाही ते निश्चयाच्या सुरात सांगणे, हाही वाणीचा दोषच होय. आणि तो निरूपणकाराच्या हातून अधिक घडतो.

लीळाचरित्राची घडण पाहावी. शके १२०० च्या सुमारास म्हाइंभटांनी रिद्धपुरी श्रीनागदेवाचार्यांकडून लीळा ऐकून लिहिल्या. ज्यांनी जे प्रत्यक्ष पाहिले, त्यांनाही विचारले. पुढे परचक्रात मूळ पोथी अंतरली, तेव्हा हिराइसादिकांनी स्मरणातून पाठ सिद्ध केले. त्यांत भेद पडला तेथे पूर्वाचार्यांनी एक राखून दुसरा पुसला नाही. भिन्न स्मरण ‘वासना’ म्हणून नोंदविले, मागाहून शोधून मिळाले ते ‘शोधु’ म्हणून वेगळे दाखविले. त्यांची श्रद्धा का उणी होती? ईश्वराची लीळा पूर्ण आहे, आपले स्मरण अपूर्ण आहे, हे ते जाणत होते. त्यांचा संदेह स्वतःच्या जाणण्याविषयी होता.

प्रस्तुत लेखकाचा प्रमाद सांगतो. एका निरूपणात एक स्थान अमुक गावी, अमुक ओट्यावर, असे मी ठासून सांगितले. आधार केवळ ऐकीव होता. एक वृद्ध उपदेशी तेवढ्यावर उन्हातान्हात पायी जाऊन वंदन करून आले. स्थान निराळेच निघाले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “बाबा, ‘ऐकले आहे’ म्हणाला असता, तर आधी कोणाला विचारून निघालो असतो.” त्या दिवशी माझा निश्चय दुसऱ्याच्या पायांनी फेडला.

मात्र संदेहवाचक शब्दांचाही दुरुपयोग होतो. ‘लोक म्हणतात’ असे पुढे करून परनिंदा करणारा स्वतः मोकळा राहू पाहतो. अहिंसेचा आचार सांगताना ‘बहुधा’, ‘कदाचित’ म्हणणारा आपल्या शिथिलतेला वाट करून देतो. जेथे वचन स्पष्ट आहे, तेथे वाणीही स्पष्ट असावी.

म्हणून बोलताना आणि लिहिताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात : हे पोथीत आहे, हे वडिलांकडून ऐकले, हे मला वाटते. आणि यांपैकी काहीच नसेल, तेथे ‘मी जाणत नाही’ म्हणण्यास लाजू नये. श्रोता आपल्या शब्दावर पाऊल टाकीत असतो, याचे स्मरण असावे.

दंडवत प्रणाम.