खोट आणि खोटेपणा

असत्यवचनासाठी इंग्रजीत जो ‘मेंडॅसिटी’ हा भारदस्त शब्द आहे, त्याचे मूळ लॅटिनमधील ‘मेंडॅक्स’, म्हणजे लबाड, या विशेषणात आहे. आणि या विशेषणाचा संबंध ‘मेंडुम’, म्हणजे दोष किंवा व्यंग, या नामाशी जोडला जातो. पाठचिकित्सेतील ‘इमेंडेशन’ ही संज्ञाही याच नामापासून आलेली आहे. लबाडी आणि पाठशुद्धी ही अशी एकाच कुळातील अपत्ये होत. मराठीतही ‘खोट’ आणि ‘खोटे’ यांच्यात हेच नाते दिसते. मात्र हे साम्य स्वीकारताना एक नैतिक धोका संभवतो. लेखनिकाच्या हातून झालेला प्रमाद हाही दोषच. पण त्याला कोणी लबाडी म्हणत नाही. असत्य म्हणजे केवळ विधानातील व्यंग असे मानले, तर ते दुरुस्त केले की संपले; बोलणाऱ्याला जाब विचारण्याचे कारण उरत नाही.

येथे चांदीच्या व्यवहाराची भाषा अधिक नेमकी ठरते. कोल्हापूरहून उचगाववरून जाणारा रस्ता हुपरी या चांदीकामाच्या गावी पोचतो. या व्यवसायात चांदीत तांबे मिसळणे हा अपराध नव्हे. शुद्ध चांदी मऊ असते, तिला काठिण्य हवे असते. अपराध आहे तो टंच लपवण्यात. शिवाय ‘खोट’ म्हणजे नुकसानही. व्यापारी खोट खातो. खोट्या मालात दोष एकाने ठेवलेला असतो आणि खोट विश्वास ठेवणाऱ्याला खावी लागते. खोटेपणाचा नैतिक गाभा या विषम वाटणीत आहे.

नीत्शे यांनी १८७३ मध्ये लिहिलेल्या निबंधात सत्यांना छाप पुसल्या गेलेल्या नाण्यांची उपमा दिली. देरिदा यांनी १९७१ मध्ये रूपकावरील निबंधात तिचा पुन्हा विचार केला. ‘सत्यच स्थिर नसेल तर असत्य तरी कसले?’ असा निष्कर्ष त्यावरून काढण्याचा मोह होतो. परंतु झिजलेले नाणे आणि खोटे नाणे यांत भेद आहे. पहिल्याची झीज सर्वांच्या हातून झालेली असते. दुसरे कोणीतरी जाणूनबुजून पाडलेले असते.

कादंबरीत कल्पिताचे मिश्रण असते, पण ती आपला टंच नावातच सांगते. आत्मचरित्र वाचकाकडे वेगळा विश्वास मागते. म्हणून संहिता कोणत्या विश्वासावर चालते आणि तो मोडल्यास खोट कोणाला खावी लागते, हा प्रश्न समीक्षेला टाळता येणार नाही.