अर्थावाचूनची ओळख

चाकणच्या तळेगाव चौकात पाळी सुटण्याच्या सुमारास ज्या भाषा कानांवर पडतात, त्यांतील बहुतेकांचा अर्थ आपणांस लागत नाही. तथापि त्या भागात काही वर्षे वावरलेल्या मनुष्यास, हा ओडिया बोलतो आहे आणि तो बंगाली, हे निःसंशय सांगता येते. ज्या वाक्याचा अर्थच अवगत नाही ते कोणत्या भाषेचे हे कळणे, यास ज्ञान म्हणावे काय?

व्याकरणाने याचा काही उलगडा होतो. ओडिया माणूस शब्दाच्या अखेरचा अकार गिळत नाही, आणि आपल्याप्रमाणे त्याच्याही तोंडी ‘ळ’ आहे. बंगालीत तो अंत्य अकार बहुधा लोपतो आणि ‘ळ’ तर नाहीच. बंगाली जेथे ‘श’ म्हणतो, तेथे आसामी माणूस पुष्कळदा घशातून ‘ख’च्या जवळचा घर्षक ध्वनी काढतो. भोजपुरीचे ‘बा’ आणि मैथिलीचे ‘छै’ हेही असेच सहज ओळखू येतात. परंतु चौकातल्या चहावाल्यास यांपैकी कशाचाही तपशील ठाऊक नसतो, आणि त्याचा निर्णय सहसा चुकत नाही. भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’च्या ब्रह्मकांडात असे प्रतिपादिले आहे की, रत्नपारख्याचे ज्ञान अनुमानातून निष्पन्न होत नाही, दुसऱ्यास ते शब्दांनी सांगताही येत नाही, केवळ अभ्यासाने उपजते. हे मत मला येथे निर्णायक वाटते. चहावाल्याजवळ आहे ते ज्ञानच होय, मग त्याचे प्रमाण त्यास देता येवो वा न येवो.

मात्र ज्ञान ठरले म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. यार्देन नदीच्या उतारावर गिलादी लोकांनी पळणाऱ्या एफ्राइमी माणसांकडून ‘शिब्बोलेथ’ हा शब्द वदवून घेतला आणि ‘श’च्या जागी ‘स’ निघताच त्यांस ठार केले, असा वृत्तांत बायबलातील ‘शास्ते’ या ग्रंथात आहे. तेथेही कान असाच तरबेज होता. हेतू तेवढा घातक होता.

आपल्या मुलखातील दोष निराळा आहे, आणि तो मला अधिक सलतो. आपण भेद ऐकण्याचे श्रमच घेत नाही. कटकचा असो, दरभंग्याचा असो वा छपऱ्याचा, सर्वांस ‘भैय्या’ या एकाच सदरात दाखल करून मोकळे होतो. सरकारी दफ्तरही याहून फारसे चोखंदळ नाही: शिरगणतीत भोजपुरी व मगही हिंदीखाली मोजल्या जातात, आणि मैथिलीस संविधानाच्या आठव्या अनुसूचीत स्थान देणारी घटनादुरुस्ती होण्यास २००३ साल उजाडावे लागले. सर्वांभूती एकच परमात्मा पाहण्याची शिकवण देणारी देहू-आळंदी येथून हाकेच्या अंतरावर असताना, त्या एकत्वाचा हवाला देऊन या सरमिसळीचे समर्थन कोणी करू लागल्यास ते मला सर्वस्वी अमान्य आहे. एकत्व भेद जाणणाऱ्यालाच दिसू शकते. ज्याने भेद ऐकलाच नाही, त्याने एकत्व पाहिले असे म्हणवत नाही.

चाकण, महाळुंगे, निघोजे येथे राहणाऱ्या वाचकांना माझी विनंती एवढीच की, शेजारच्या खोलीतील भाडेकरूस त्याची भाषा कोणती हे आपुलकीने विचारावे, आणि पुढे ती कानी आली असता तिच्या नावाने ओळखावी.