एका छपराखालीं वाट पाहणारीं दोघें

(शास्त्रपाठ : लूक १७:२६-३५)

जगाच्या शेवटाविषयीं उपदेश चालला म्हणजे आपण आकाशाकडे पाहूं लागतों. प्रभु मात्र आपणांस घराच्या आंत नेतो. एका बिछान्यावरचीं दोघें व एका जात्यावर दळणाऱ्या दोघी, एवढेंच तो दाखवितो.

अमेरिकेंत न्यू यॉर्क संस्थानांतील लो हॅम्प्टन या खेड्यांत विल्यम मिलर नांवाचा शेतकरी राहत असे. दानीएलाच्या पुस्तकांतील २,३०० दिवसांचा हिशेब करून, प्रभु सुमारें १८४३ सालीं येईल, असा उपदेश तो १८३१ पासून करूं लागला. पुढें त्याच्या अनुयायांनीं २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस नेमिला. मिलरनें स्वतः तो अवघ्या कांहीं आठवड्यांपूर्वीं मान्य केला. हजारों लोक वाट पाहत बसले. कित्येक शेतकऱ्यांनीं बटाटे जमिनींतून काढलेच नाहींत. रात्र सरली, उजाडलें, आणि गाईंचें दूध काढण्याची वेळ झाली.

मत्तय २४:३६ प्रमाणें जो दिवस कोणासही कळविलेला नाहीं, तो त्यांनीं पंचांगांत लिहून ठेविला, हा त्यांचा दोष खरा. तथापि त्यांस हंसण्याचा अधिकार आपणांस नाहीं. आपण तर वाटच पाहत नाहीं!

मला मिलरची पत्नी लूसी हिची आठवण होते. त्यांचें लग्न १८०३ सालीं झालें. एकेचाळीस वर्षांच्या संसारानंतर त्या दोघांस २३ तारखेच्या सकाळीं पुनः तीच चूल, तींच माणसें आणि शेजाऱ्यांची थट्टा. १८४८ सालीं त्यांच्या शेतावर लहानसें प्रार्थनामंदिर उभें राहिलें, व १८४९ च्या डिसेंबरांत मिलर प्रभूची वाट पाहतच मरण पावला.

कोणी म्हणेल, काळ थोडा आहे म्हणून पत्नी असूनही नसल्यासारखें असावें, असें पौल १ करिंथ ७:२९ येथें सांगतो ना? होय. पण त्याच अध्यायाच्या ११ व्या वचनांत नवऱ्यानें बायकोस सोडूं नये, ही प्रभूची आज्ञाही तोच कळवितो. ज्याला एक वचन आठवतें व दुसरें आठवत नाहीं, त्यानें दोन्हीं वाचावीं, आणि मग १ पेत्र ३:७ काढावें. पत्नीस मान न देणाऱ्याच्या प्रार्थनेस अडथळा होतो, असें तेथें आहे.

आपल्या मंडळींत असा एखादा बंधु असेल, ज्यानें मुलीच्या लग्नासाठीं शेत गहाण टाकिलें आणि तो कागद बायकोपासून लपविला. रविवारीं तो मोठ्यानें प्रार्थना करितो. तिला संशय आहे. ती कांहीं न बोलतां भाकर वाढते. प्रभु आज रात्रीं आला, तर त्या एकाच बिछान्यावर हीं दोघें त्याला पाठीस पाठ लावून निजलेलीं दिसतील.

बंधो, दिवा मालविण्यापूर्वीं तो कागद पेटींतून काढ. तिला वाचतां येत नसेल, तर तूंच वाचून दाखव.