टिकून राहणारी भावना

इंग्रजीतील 'सेंटिमेंट' हा शब्द आपल्या बोलण्यात पुरता रुळला आहे. 'उगाच सेंटिमेंटल होऊ नकोस,' असे आपण घरोघरी म्हणतो. शेअरबाजाराच्या बातम्यांतही तो भेटतो. डोळ्यांत चटकन येणारे पाणी, घटकाभराचा हळवेपणा, एवढाच अर्थ आपण त्याला उरू दिला आहे. या शब्दाचा जुना, वजनदार अर्थ ध्यानी घेतला, तर एक प्रश्न आपल्यापुढे उभा राहतो : जी भावना मनात घर करून राहते, तिची जबाबदारी कोणाची?

'जाणवणे' या अर्थाच्या 'सेंतिरे' या लॅटिन क्रियापदापासून हा शब्द आला. अ‍ॅडम स्मिथ यांनी १७५९ साली नीतिविषयक ग्रंथाच्या नावात तो योजला, तेव्हा त्यात भावनेइतकाच विवेकाचाही अंश होता. लॉरेन्स स्टर्न यांच्या १७६८ च्या प्रवासकथेच्या नावात 'सेंटिमेंटल' हे विशेषण झळकले. पुढे त्याला भाबडेपणाचा वास लागला. विसाव्या शतकाच्या आरंभी अलेक्झांडर शँड व विल्यम मॅकडूगल यांनी मानसशास्त्रात शब्दाला पुन्हा प्रतिष्ठा दिली. राग, भीती यांसारखी उसळून ओसरणारी भावना ती 'इमोशन'. एखाद्या व्यक्तीभोवती अशा अनेक भावनांची जी कायमची घडण होते, ती 'सेंटिमेंट'. आपल्याकडे भरतमुनींच्या नाट्यशास्त्रानेही आठ स्थायीभाव आणि तेहतीस व्यभिचारी, म्हणजे येऊन जाणारे, भाव वेगळे मानले आहेत. दोन्ही मांडण्या तंतोतंत जुळत नाहीत. तथापि टिकणारे आणि सरणारे हा भेद दोहोंनी ओळखला.

मूल रात्री वेळेवर परतले नाही की आई घाबरते. ते दारात दिसताच रागावते, आणि ताट वाढताना तिचा कंठ दाटून येतो. भीती, राग, कळवळा या तीन भावना तासाभरात येऊन गेल्या; त्यांच्या मुळाशी असलेले प्रेम मात्र एकच, आणि ते कुठेही गेलेले नाही.

म्हणूनच विवाहाच्या वेळी वेदीसमोर दिलेले वचन अर्थपूर्ण ठरते. आयुष्यभर मनाला भरती राहील, अशी हमी कोण देऊ शकेल? तेथे आपण निष्ठेचे वचन देतो. प्रभू येशूने प्रीतीची आज्ञा दिली, तीही याच अर्थाने. उमाळा आज्ञेने येत नाही. परंतु आजाऱ्याची शुश्रूषा, रोजची विचारपूस, गिळलेला कठोर शब्द हे आपल्या हाती असते, आणि त्यांच्यावरच प्रेम पोसले जाते.

द्वेषही असाच पोसला जातो, हे विसरून चालणार नाही. वाटणीच्या भांडणात भावाचा राग येणे स्वाभाविक. तो वर्षानुवर्षे उगाळत बसणे ही आपली करणी. इंग्रजीतील 'रिझेंटमेंट' या शब्दातही तेच 'सेंतिरे' आहे : पुन्हा पुन्हा जाणवणे. जोसेफ बटलर या अँग्लिकन धर्मोपदेशकाने १७२६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवचनांत अवचित येणारा राग आणि जाणूनबुजून बाळगलेला रोष यांत भेद केला. त्याच्या कितीतरी आधी संत पौलाने इफिसकरांस, सूर्य मावळण्यापूर्वी राग सोडा, असे सुचविले होते.

पाहुणा दारी येतो, तो आपल्याला विचारून येत नाही. त्याला कायमचे बिऱ्हाड द्यायचे की नाही, हे मात्र आपणच ठरवतो. मनात उठणाऱ्या प्रत्येक भावनेचा हिशेब कदाचित आपल्याकडे मागितला जाणार नाही. जिला आपण घर दिले, तिचा मात्र द्यावाच लागेल.