परदेशातील पदवी आणि मनातील हेतू

पदवी हाती आल्यावर पुढे काय, या प्रश्नाचे उत्तर आमच्या वसईत पूर्वी एका शब्दात मिळत असे: बँक, शाळा, आखात, नाहीतर घरची वाडी. आज अनेक घरांत त्यांच्या जोडीला आणखी एक उत्तर आले आहे, ते म्हणजे एम.एस.साठी परदेश. मग फी किती, डॉलरचा भाव काय, विद्यापीठाचा क्रमांक कितवा, नोकरीची शक्यता कितपत, असा हिशोब मांडला जातो. तो मांडलाच पाहिजे. परंतु या हिशोबाच्या तळाशी एक नैतिक प्रश्न असतो आणि तो विचारायला घरात सहसा कोणी धजत नाही. मला जायचे आहे ते नेमके कशासाठी? आणि जे कारण मी चारचौघांत सांगतो, तेच माझे खरे कारण आहे काय?

संत इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात निवडीविषयी लिहिताना एका सामान्य मानवी खोडीवर बोट ठेवले आहे. माणसे आधी साधन ठरवून टाकतात आणि साध्य मागाहून त्याला जोडतात. विवाह किंवा मानाचे धर्मपद आधी पक्के. त्यातून देवाची सेवा कशी करायची, हे नंतर पाहू! आपल्याकडे परदेशी पदवीचे पुष्कळदा असेच होते. जायचे हे आधी ठरते, देश त्यानंतर ठरतो, आणि काय शिकायचे हे सर्वांत शेवटी, तेही प्रवेश कोठे मिळतो ते पाहून.

इग्नेशियस हे अनुभवाने बोलत होते, कारण ते स्वतः परदेशी विद्यार्थी होते. १५२८ साली ते पॅरिसला पोहोचले तेव्हा त्यांचे वय सदतीसच्या आसपास होते. लॅटिनचा पाया कच्चा म्हणून ते कोवळ्या मुलांबरोबर पुन्हा व्याकरणाच्या वर्गात बसले. जवळचे पैसे एका सोबत्याकडे ठेवायला दिले होते. त्याने ते उडवले. मग धर्मशाळेत आसरा आणि पोटासाठी भिक्षा. सुट्टीत ते फ्लँडर्सला जात आणि तेथील स्पॅनिश व्यापाऱ्यांकडून वर्षाच्या खर्चाची तजवीज करून आणत. १५३५ साली त्यांना एम.ए.ची पदवी मिळाली. एवढे सारे कशासाठी, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते: लोकांच्या आत्म्यांना साहाय्य करायचे, तर विद्या हवी.

त्यांच्याच खोलीत राहणाऱ्या फ्रान्सिस झेवियर यांची गोष्ट निराळी होती. नवारच्या लढायांत झेवियर घराण्याची सद्दी संपली होती आणि त्यांच्या गढीचा काही भाग १५१६ साली पाडून टाकण्यात आला होता. धाकटा मुलगा १५२५ मध्ये पॅरिसला गेला, तो मान, पद आणि उत्पन्न मिळवण्याच्या आशेने. १५३० साली तो एम.ए. झाला. पुढे त्याचा हेतू पालटला आणि १५४२ च्या मे महिन्यात तो गोव्याच्या बंदरात उतरला. झेवियरचा पहिला हेतू मला मुळीच तुच्छ वाटत नाही. खचलेल्या घराला हात द्यावा, वडिलांच्या डोक्यावरचा भार उतरवावा, ही इच्छा सभ्य आहे. आमच्या बहुसंख्य मुलामुलींच्या मनात तीच असते. मग ती उघड बोलायला संकोच कशाचा?

हा संकोच जिथे स्पष्ट दिसतो, तो कागद म्हणजे प्रवेशअर्जासोबत द्यावे लागणारे उद्देशपत्र, ज्याला मुले ‘एसओपी’ म्हणतात. हा विषय मला का शिकायचा आहे आणि पुढे मी त्याचे काय करणार, हे त्यात अर्जदाराने स्वतःच्या शब्दांत सांगायचे असते. वस्तुतः चांगल्या आत्मपरीक्षणाचाच हा नमुना आहे. एखाद्या तपसाधनेत दिलेला प्रश्न शोभावा असा. आणि नेमका हाच कागद आम्ही एजंटकडून पैसे देऊन लिहून घेतो. अलीकडे तर संगणक तो काही क्षणांत लिहून देतो. ज्याला स्वतःचा हेतू सांगायला दुसऱ्याचा हात लागतो, त्याने जावे की जाऊ नये हा पुढचा प्रश्न. तो अजून निर्णयापर्यंतच आलेला नाही.

याहून अवघड जागा पुढे वकिलातीत येते. अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्यानुसार, मायदेशातील आपले वास्तव्य सोडण्याचा इरादा नसलेल्यालाच विद्यार्थी म्हणून प्रवेश आहे. साहजिकच खिडकीपलीकडचा अधिकारी विचारतो, शिकून परत येणार काय? उत्तर पाठ करून गेलेला असतो: होय, येणार. घरी मात्र तिकडेच स्थायिक व्हायचे, हे आजीलासुद्धा ठाऊक असते. हे असत्य आहे काय? बाविसाव्या वर्षी पुढच्या दहा वर्षांचे चित्र कोणाच्याच डोळ्यांपुढे स्पष्ट नसते. “आज परतण्याचा विचार आहे, पुढे काय घडेल, कोण जाणे!” असे ज्याचे मन खरोखर आहे, तो होय म्हणाला तर खोटे बोलत नाही. परंतु ज्याचा निश्चय पक्का झाला आहे आणि जो त्याच्या उलट बोलण्याचा सराव करतो, त्याच्या बोलण्याला दुसरे नाव नाही. अशा मुलाखतीसाठी नोव्हेना मागितली जाते, तेव्हा मी जरा अवघडून जातो. ज्याला स्थायिकच व्हायचे आहे त्याला उघड दारेही आहेत. जर्मनी पदवीनंतर नोकरी शोधायला अठरा महिने देते आणि तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नसते. कॅनडाचा कायदा शिक्षण आणि पुढे स्थायिक होण्याची इच्छा हे दोन हेतू एकत्र असू शकतात, असे मान्य करतो. मात्र तेथे २०२४ पासून विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा आली आहे.

आता पैशाविषयी. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपुढे तारण लागते. परदेशी पदवीला बहुधा त्याहून कितीतरी अधिक रक्कम लागते; म्हणजे राहते घर गहाण, किंवा वाडीचा एखादा तुकडा विकणे. परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होत असली, तरी व्याज पहिल्या हप्त्यापासून चढत असते. कर्जावर मुलाबरोबर वडिलांची सही असते, आणि ते पुष्कळदा निवृत्तीच्या उंबरठ्यावर असतात. अमेरिकेत नोकरीसाठी लागणारे एच-वन-बी व्हिसे वर्षाला ८५,००० इतकेच आहेत. २०२५ च्या सप्टेंबरात तर नव्या काही अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली. धोका पत्करणे हे पाप नव्हे. तरुणाने तो पत्करावाच. पण येथे धोका पत्करणारा एक आणि त्याचे ओझे वाहणारा दुसरा असतो. न्यायाची अपेक्षा एवढीच, की सही करणाऱ्याला सारे काही ठाऊक असावे, वाईटात वाईट काय होऊ शकते तेसुद्धा. आणि धाकट्या बहिणीचा विचार कोणी करायचा? भावाच्या एम.एस.ला घर गहाण पडल्यावर तिच्या शिक्षणाला काय उरते, हा प्रश्न जेवणाच्या टेबलावर येतच नाही. ती बिचारी स्वतःहून विचारीत नाही.

आईवडिलांचा होकार हवा काय, असे मला अनेक जण विचारतात. विवाह करावा की ब्रह्मचर्य स्वीकारावे, या बाबतीत मुले आज्ञापालनाने बांधलेली नाहीत, असे संत थॉमस अक्वायनस यांनी शिकवले आहे. डॉमिनिकन संघात जाऊ नये म्हणून त्यांना घरच्यांनीच सुमारे वर्षभर कोंडून ठेवले होते! पदवीच्या बाबतीतही अखेरचा निर्णय सज्ञान मुलाचाच, असे मी मानतो. मात्र घर ज्यांचे गहाण पडणार, त्यांचा नकार हा अवज्ञेचा विषय न मानता हिशोबाचा एक आकडा म्हणून मुलाने गृहीत धरावा.

इग्नेशियस यांची एक युक्ती अशा वेळी उपयोगी पडते. जिला आपण कधी पाहिलेही नाही अशी एक व्यक्ती डोळ्यांपुढे आणावी, तिचे भले व्हावे एवढीच इच्छा धरावी, आणि अगदी आपल्यासारख्याच परिस्थितीत तिला काय सल्ला दिला असता ते पाहावे. मग तोच सल्ला स्वतः पाळावा. मुलांनी हे करावे आणि आईवडिलांनीही, कारण शेजारच्या घरातील मुलगी टोरांटोला गेली म्हणून आपल्या मुलाला ढकलणारे पालक मी पाहतो. त्यांचा हेतूही एकदा कागदावर उतरायला हवा.

राहता राहिले परतणे. ज्याने शिकून तिकडेच संसार मांडला, त्याने गावाशी बेइमानी केली असे मी म्हणणार नाही. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली इंग्लंडचे गोव्यात आले, ते कायमचे, आणि त्यांच्यामुळे मराठीला ‘ख्रिस्तपुराण’ मिळाले. परंतु काहींना खरोखरच परत यावेसे वाटते आणि त्यांची वाट आपणच अडवतो. दोन वर्षे प्रयोगशाळेत काढून, पदवी घेऊन मुलगी आपल्या इच्छेने घरी येते. रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात तिला पहिला प्रश्न विचारला जातो: “का गं, तिकडे जमलं नाही का?” ती काय शिकून आली, हे त्या दिवशी तिला कोणी विचारीत नाही.