करणारा, करविणारा आणि मालक

धुळे जिल्ह्यातील सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. विकत घेतलेल्या हंड्या-कळशीवर नाव घालून घेण्याची आपल्याकडे रीत आहे. ते नाव घेणाऱ्याचे असते, घडविणाऱ्या तांबटाचे नव्हे. तांबटाची खूण उरते ती पत्र्यावरील ठोक्यांत. मात्र त्या ठोक्यांचे मोल त्याला मिळालेले असते. मालकी आणि कर्तृत्व या भिन्न कोटी आहेत, हे या साध्या व्यवहारात गृहीतच असते.

साहित्यकृतीबाबत १९५७ चा भारतीय कॉपीराइट कायदा मात्र मालकीचा उगम कर्तृत्वात मानतो. सामान्यतः लेखक हाच पहिला मालक. १९९४ च्या दुरुस्तीने संगणकनिर्मित कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करविणारी व्यक्ती, अशी व्याख्या त्यात आली. मराठीतील प्रयोजक क्रियापदाच्या भाषेत सांगायचे तर कायद्याने करविणाऱ्यालाच करणारा ठरविले. परंतु कृत्रिम प्रज्ञेने रचलेल्या संहितेचा करविणारा कोण? आज्ञा देणारा, यंत्रणा उभारणारी कंपनी, की ज्यांच्या लेखनावर यंत्र शिकले ते असंख्य लेखक? २०२४ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दाखल केलेला दावा या तिसऱ्या पक्षाचाच आहे.

यावर असा आक्षेप संभवतो की, उसनवारी कोणत्या लेखकाने केलेली नाही? बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. सोपानदेवांनी टिपून ठेवलेली त्यांची गाणी त्यांच्या निधनानंतर, १९५२ मध्ये ग्रंथरूपाने आली. त्यांची खानदेशी बोली आणि ओवीची घडण ही तर सर्वांची सामाईक ठेव होती. तरीही कर्तृत्व ना टिपणाऱ्याचे, ना बोलीचे. ते निःसंशय बहिणाबाईंचेच. कारण त्या ठेवीतून निवडलेल्या प्रत्येक शब्दामागे एक जगणारी व्यक्ती उभी होती व त्या शब्दाचा जाब तिला विचारता येत होता. लेखन शिक्षेस पात्र ठरू लागले तेव्हा त्याला लेखकाचे नाव चिकटले, हे मिशेल फूको यांनी १९६९ मध्ये मांडलेले निरीक्षण येथे महत्त्वाचे ठरते. कर्तृत्व हे मूलतः उत्तरदायित्व आहे.

यंत्राला जाब विचारता येत नाही. म्हणून करविणाऱ्याने ज्या प्रमाणात शब्द पारखले, बदलले व स्वतःचे म्हणून पत्करले, त्याच प्रमाणात तो कर्ता ठरावा. उरलेली संहिता कर्त्यावाचूनची आहे. आणि मालकीचा उगम कर्तृत्वात असेल, तर ती कोणाच्याच मालकीची नाही. जिथून ती आली त्या सामाईक ठेवीतच तिने परत जावे. अन्यथा भांड्यावर नाव तेवढे कोरले जाईल, आणि ज्यांचे ठोके त्यात आहेत त्यांना मोलही मिळणार नाही.