कफील, करार आणि हजरत मूसा (अलै.) यांची मुदत

जुम्याची नमाज आटोपून मशिदीच्या ओसरीवर बसलो असताना नंदुरबार तालुक्यातील एका शेतकरी-व्यापारी बांधवांनी मला एक प्रश्न विचारला. त्यांचा मुलगा दहा महिन्यांपासून रियाधमध्ये एका कुटुंबाकडे घरगुती चालक आहे. करार दोन वर्षांचा. पगार वेळेवर मिळतो, राहण्याची खोली बरी आहे, वागणुकीबद्दल तक्रार नाही. आता एका मालवाहतूकदाराने त्याला दीडपट पगार देऊ केला आहे. परंतु कफील त्याला सोडण्यास तयार नाही. खोलीतील सोबती म्हणतात, "निघून जा, सगळेच जातात." वडिलांचा प्रश्न एवढाच होता : तो असा निघून गेला, तर त्याची कमाई आमच्या घरात हलाल राहील काय?

मुलावर अन्याय होत असता तर उत्तर सोपे होते. येथे अन्याय नाही, केवळ अधिक चांगली संधी आहे, आणि म्हणूनच प्रश्न कठीण आहे.

सूरह अल्-माइदाचा प्रारंभच इमानधारकांना करार पूर्ण करण्याच्या आज्ञेने होतो. दिलेल्या वचनाबद्दल परलोकात जाब विचारला जाईल, असे सूरह बनी इस्राईलमध्ये बजावले आहे. परंतु करार म्हणजे नेमके काय, मनुष्य त्यात किती बांधला जातो आणि कोठे मोकळा राहतो, हे समजून घ्यायचे असेल तर सूरह अल्-कसस वाचावी. परमुलखात जाऊन मजुरी करणाऱ्या एका तरुणाचा करार तेथे वर्णिलेला आहे, आणि तो तरुण म्हणजे हजरत मूसा (अलै.).

मिस्रमधून जीव वाचवून ते मदयनला आले तेव्हा त्यांना ना घर होते, ना नातलग, ना कोणाचा आधार. अशा माणसाला हवे तसे राबवून घेणे कोणासही शक्य होते. मदयनच्या त्या वृद्ध गृहस्थांनी मात्र प्रथम मुदत सांगितली : आठ वर्षे चाकरी. त्यापुढे दहा वर्षे पूर्ण केलीस तर ती तुझ्या मर्जीची गोष्ट. मी तुला कष्टात टाकू इच्छित नाही. मूसा (अलै.) यांनीही तितकेच स्पष्ट उत्तर दिले : या दोहोंपैकी कोणतीही मुदत मी पूर्ण केली तरी माझ्यावर जबरदस्ती होऊ नये, आणि आपल्या या बोलण्याला अल्लाह साक्षी आहे.

ही बोलणी मी अनेकदा वाचली आहेत, आणि दर वेळी त्या वृद्धांचे शब्द मला अधिक थोर वाटतात. ज्याच्या हाती सर्व सत्ता होती, त्यानेच आपल्या सत्तेची सीमा आधी आखून दिली. वरची दोन वर्षे मागितली, पण ती चाकराच्या इच्छेवर सोडली. सहीह बुखारीत हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांचे कथन आहे की, मूसा (अलै.) यांनी दीर्घ मुदतच पूर्ण केली. मोकळे सोडलेल्या माणसाने अधिक दिले.

इस्लामी फिकहने मजुरीच्या कराराला 'इजारा' म्हटले आहे. एकाच मालकासाठी ठरावीक काळ राबणारा तो 'अजीर खास'. त्याचा ठरलेला वेळ मालकाचा असतो. तो स्वतः मालकाचा नसतो. आखातातील कफालतीत नेमका हाच भेद पुसला गेला. 'कफालत' या शब्दाचा मूळ अर्थ जामीनकी, दुसऱ्याचा भार आपल्या शिरावर घेणे. हजरत मरयम (अलै.) यांचा सांभाळ हजरत जकरिया (अलै.) यांच्याकडे आला, तेव्हा कुरआनने याच धातूचा शब्द योजला आहे. म्हणजे बांधला जायचा तो कफील. व्यवहारात मात्र बांधला गेला तो मजूर : इकामा कफीलच्या हाती, काम बदलण्याची परवानगी कफीलच्या हाती, आणि कित्येकदा पासपोर्टही त्याच्याच कपाटात.

या देशांनीही अलीकडे ही गाठ सैल केली आहे. कतरने 2020 साली मालकाच्या ना-हरकत पत्राची अट काढली. तेथे दोन वर्षांपर्यंतच्या सेवेत एक महिन्याची आणि त्यापुढे दोन महिन्यांची पूर्वसूचना देऊन काम बदलता येते. संयुक्त अरब अमिरातीत फेब्रुवारी 2022 पासून अमलात आलेल्या कामगार कायद्याने पासपोर्ट अडकवून ठेवण्यास मनाई केली. सौदी अरबमध्ये 14 मार्च 2021 पासून एक वर्ष पूर्ण केलेला कामगार 90 दिवसांची सूचना देऊन मालकाच्या संमतीविना बदली घेऊ शकतो. मात्र या सुधारणेतून घरकामगार, घरगुती चालक, मेंढपाळ आणि माळी वगळण्यात आले. आमच्या या मुलाला ते दार उघडे नव्हते.

माझे मत मी वडिलांना स्पष्ट सांगितले. मुलाने पळून जाऊ नये. त्याने कफीलला पुन्हा विनंती करावी, पर्यायी चालक शोधून देण्याची तयारी दाखवावी. तरीही नकार आला तर दोन वर्षे पूर्ण करून खुरूज घ्यावा व नव्या करारावर पुन्हा जावे. ठरलेला पगार देणाऱ्या माणसाला दिलेला शब्द केवळ अधिक पैशांसाठी मोडता येत नाही. शिवाय व्हिसा हेही त्या देशाला दिलेले एक वचनच आहे. कफीलने एकदा 'हुरूब' नोंदवला की इकामा निरुपयोगी ठरतो, आणि रस्त्यावरील प्रत्येक तपासणीत खोटे बोलण्याची वेळ येते.

पण हाच कफील पगार थकवत असता तर? तर करार आधी त्यानेच मोडला असता. काम पुरते करून घेऊन मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कियामतच्या दिवशी आपण स्वतः वादी असू, असे अल्लाहने फर्मावल्याची हदीस बुखारीत आहे. हनफी फुकहांनी खऱ्या उज्रामुळे, म्हणजे सबळ अडचणीमुळे, इजारा रद्द करण्यास वाव ठेवला आहे. अशा मजुराने कामगार कार्यालय किंवा भारतीय दूतावास गाठावा. तो करार मोडत नसतो, मोडलेल्या करारातून बाहेर पडत असतो.

येथे एक कडू गोष्टही बोलली पाहिजे. आपल्या घरांतून 'आझाद व्हिसा' अभिमानाने मिरवला जातो. कफील कागदापुरता, त्याला दरसाल रक्कम द्यायची आणि काम कोठेही करायचे. कागदावर लिहितात की हा माझ्याकडे काम करील, आणि तसे होणार नाही हे दोघांनाही ठाऊक असते. जामीनकी हे उपकाराचे काम असून तिची किंमत घेऊ नये, हे फुकहांचे परिचित मत आहे. येथे तर तिचा बाजार भरतो. भारतीय नियमांनुसार नोंदणीकृत एजंटाने सेवाशुल्क म्हणून 30,000 रुपये व त्यावरील करापेक्षा अधिक घेता कामा नये. तरी त्याच्या कित्येक पट कर्ज काढून मुले पाठवली जातात, आणि मग त्या कर्जापायी ती कोठेही निघून जायला तयार होतात. अशा मुलाच्या पळून जाण्याचे पाप मोजताना घरातील थोरांनी स्वतःचा वाटाही मोजावा.

माझे बोलणे संपले असे वाटून ते बांधव उठू लागले. मी त्यांना थांबवले, कारण त्यांच्या शेतावरील सालदार मला ठाऊक होता.

आपल्या जिल्ह्यात धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरांतून दरवर्षी हजारो आदिवासी ऊसतोडीसाठी गुजरातेत उतरतात. मुकादमाकडून उचल घेतात आणि ती फिटेपर्यंत त्याचेच होऊन राहतात. पती-पत्नी मिळून हिशेबात एक 'कोयता'. वेठबिगारी कायद्याने 1976 सालीच बंद झाली, तरी उचलीची वही बंद झालेली नाही. सालदाराचेही तेच : साल संपते, बाकी संपत नाही, म्हणून तो पुढच्या सालाला बांधला जातो. शरीअतच्या दृष्टीने उचल हे कर्ज आहे. कर्जदार तंगीत असेल तर त्याला सवड द्या, असे कुरआन सांगते. त्याचे पाय बांधा असे सांगत नाही. आणि ज्या कर्जाच्या बळावर कमी मजुरीत माणूस राबवून घेता येतो, त्याचा तो लाभ व्याजाच्या किती जवळ जातो? कर्जावर ठरवून घेतलेला लाभ म्हणजे व्याज, हा फिकहचा प्रसिद्ध नियम आहे.

"आखाजीला त्याचे साल संपते," ते हळूच म्हणाले, "पण त्याच्याकडे माझे अठरा हजार निघतात. शहाद्याच्या एका बागायतदाराने त्याला बोलावले आहे. मीच नाही म्हटले."

मी विचारले, त्याने पैसे हप्त्याने फेडण्याची तयारी दाखवली होती काय?

दाखवली होती, ते म्हणाले. मग थोडा वेळ गप्प राहून त्यांनी खिशातून फोन काढला आणि रियाधमध्ये आत्ता किती वाजले असतील, असे मला विचारले.